युरोपातले मेंढपाळ प्रादेशिक लेबलवालं कोकरू करायला का तयार होतात? आणि जे होत नाहीत ते का नाही?

माणदेशी_पोरगा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचं घर आटपाडीकडचं, घरात मेंढरं आजोबांच्या आधीपासून. मी बीएस्सी ॲग्री करून आता गावातल्या पोरांबरोबर शेतकरी उत्पादक कंपनीचं बघतोय. मध्ये एका मीटिंगला गेलो होतो, तिथं एक साहेब स्लाइड लावून सांगत होते की युरोपात कसं प्रत्येक भागाचं आपलं लेबल असलेलं लॅम्ब विकतात, वेल्सचं वेगळं, स्पेनमधल्या आरागॉनचं वेगळं, फ्रान्समध्ये तर समुद्राकाठच्या खाऱ्या कुरणात चरलेल्याचं पण वेगळं, मग आपण माडग्याळच्या मेंढीला असं जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची कायदेशीर नोंद, का करू नये, भाव आपोआप वाढेल. टाळ्याबिळ्या वाजल्या. घरी येऊन वडिलांना सांगितलं तर म्हणाले, खाटीक काय लेबल वाचून बकरं उचलतो का? चुलते त्याच्याही पुढचे, त्यांनी डायरेक्ट कडकनाथच काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०१९ ला आमच्या सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबडीच्या योजनेत बऱ्याच लोकांचे पैसे बुडाले, तेव्हापासून इकडं कुणी "विशेष जातीचं, विशेष भावाचं" असं म्हटलं की माणसं खिसा घट्ट धरतात.

तर मला लेबलचं कौतुक नकोय, ते नेटवर ढिगानं मिळतं. डोंगर, हिरवं गवत, हसणारा शेतकरी, सगळं बघून झालं. मला मेंढपाळाची बाजू पाहिजे. तिथला माणूस त्यात जातो तेव्हा त्याच्या हातात जास्तीचं नेमकं काय पडतं, झंझट काय मागं लागतं, आणि शेजारचा जो जात नाही तो काय म्हणून जात नाही? इथं परदेशात राहणारे बरेच जण आहेत, कुणी जवळून बघितलंय का?

---

झारागोझाकर

आरागॉनचं नाव वाचलं म्हणून लॉगिन केलं, नाहीतर मी नुसता वाचनमात्र. झारागोझात बरीच वर्षं आहे, काम पशुखाद्याच्या धंद्यात, त्यामुळे मेंढीवाल्यांच्या गोठ्यावर जाणंयेणं रोजचं.

तू म्हणतोयस ते लेबल म्हणजे तेर्नास्को दे आरागॉन. १९८९ मध्ये तिथल्या प्रादेशिक सरकारनं मान्यता दिली, ताज्या मटणाला असं नाव मिळण्याची स्पेनमधली ती पहिलीच वेळ, मग १९९६ ला युरोपियन युनियनचं पीजीआय मिळालं, म्हणजे त्या भागाच्या नावाला युरोपभर कायद्याचं संरक्षण. नियम थोडक्यात असे की मेंढी तिथल्याच जातींची, मुख्य म्हणजे रासा आरागोनेसा, शिवाय ओखिनेग्रा आणि रोया बिलबिलिताना वगैरे, कोकरू दीड महिन्याच्या वर आईच्या दुधावर, जोडीला धान्याचा पेंढा आणि खुराक, आणि साधारण तीन महिन्यांच्या आतबाहेर कापायचं. कापून सोललेलं धड ८ ते १२.५ किलोच्या मध्ये बसलं पाहिजे. कोकरू चरायला जातच नाही बरं का, गोठ्यातच असतं, चरायला जाते ती आई. स्लाइडवर हिरव्या कुरणात उड्या मारणारं कोकरू दाखवलं असेल तर ते आरागॉनचं नव्हे, इथला निम्मा प्रदेश तुमच्या माणदेशासारखाच उघडाबोडका आहे, उत्तरेचे पिरेनीज डोंगर सोडले तर पावसाच्या नावानं बोंब.

आता मेंढपाळ का जातो? माझं निरीक्षण असं की लेबलात जाण्यासाठी त्याला फारसं काही बदलावं लागत नाही म्हणून जातो. जात तीच, खुराक तोच, वजनही तेच कारण इकडच्या लोकांना लहान कोकरूच लागतं, मोठ्या मेंढराचा वास चालत नाही. म्हणजे आधी पद्धत होती, मग तिचा नियम झाला. उलटं झालं असतं, कुणी वरून येऊन सांगितलं असतं की जात बदला, तर कुणी फिरकलं नसतं.

दुसरं आणि जास्त मोठं कारण म्हणजे सहकारी संस्था. इथं ओव्हिआरागॉन नावाची मोठी सहकारी आहे, ग्रुपो पास्तोरेस म्हणून ओळखतात, ती कोकरं गोळा करते, वर्गवारी करते, कापते, विकते, शिवाय खाद्य, डॉक्टर, पैदाशीच्या नोंदी सगळं तिथंच. मेंढपाळाला विचारलं की बाबा लेबलात का आहेस तर तो लेबलाबद्दल बोलतच नाही, तो म्हणतो की ठरल्या दिवशी गाडी येते आणि पैसे बुडत नाहीत. आमच्याकडं दोन वर्षांत तीन वेत घेतात, म्हणजे वर्षभर कुठल्या ना कुठल्या गटाची कोकरं तयार होत असतात, आणि तयार झालेलं कोकरू थांबत नाही. आठ दिवस उशीर झाला की ते वजनाच्या बाहेर. त्यामुळे ठरल्या दिवशी उचल होणं याचं मोल किलोमागच्या दोन पैशांपेक्षा जास्त.

वजनाचा दिवस एकदा बघण्यासारखा असतो. अरुंद गल्लीतून एकेक कोकरू पिंजऱ्याच्या काट्यावर येतं, म्हातारा मालक काट्याकडं बघायच्या आधी त्याच्या कमरेच्या मणक्यावर अंगठा दाबतो, शेपटीच्या मुळाशी चिमटीत धरून चरबी बघतो आणि आकडा बोलून मोकळा होतो, काटा नंतर तोच आकडा दाखवतो. जिवंत वजन २२ ते २५ किलो भरलं की डावीकडं, त्याच्या वर गेलेलं पाठीवर निळा फवारा मारून उजवीकडं. ही उजवीकडची म्हणजे लेबलाच्या बाहेर.

आणि खरी भानगड इथंच आहे. स्पेनमधून जिवंत कोकरं जहाजानं जातात, कार्ताहेना आणि तारागोना बंदरांतून, जॉर्डन, अल्जेरिया, सौदी वगैरे. त्यांना थोडं मोठं जनावर चालतं आणि ईदच्या आधी व्यापारी गोठ्यावर येऊन रोख भाव बोलतो. तो भाव चढला की लेबलाचा अभिमानबिभिमान सगळा गुंडाळून ठेवतात लोक. मी एकाला विचारलं, तर म्हणाला लेबल माझ्या बायकोसारखं आहे आणि जहाज पाहुण्यासारखं, पाहुणा रोज येत नाही. नवरा म्हणून तो कसा असेल ते सोडा पण मुद्दा बरोबर होता.

न जाणारे कोण? एक, वय झालेले, ज्यांची मुलं झारागोझा नाहीतर बार्सिलोनाला नोकरीला आहेत. ते म्हणतात आणखी चार वर्षं कळप ठेवायचा, मग विकून मोकळं, कशाला वह्या भरायच्या. दोन, ज्यांनी जास्त वजनासाठी बाहेरचे मेंढे आणून संकर केलाय. तीन, ज्यांचं शेजारच्या खाटकाशी तीस तीस वर्षांचं खातं आहे. ते लेबलाच्या विरोधात अजिबात नाहीत, गरजच नाही त्यांना.

आणि एक कटू गोष्ट सांगून ठेवतो, लेबल असून सुद्धा स्पेनमध्ये कोकराचं मटण खाणं गेल्या वीस वर्षांत निम्म्याच्याही खाली आलंय. नाताळ आणि ईस्टरला खातात, एरवी चिकन. त्यामुळे इथले जाणते मेंढपाळ लेबलाकडं भाव वाढवायचं साधन म्हणून बघत नाहीत, गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून बघतात.

---

पेठेतला_पाहुणा

माणदेशी, तुझ्या वडिलांना सांग की खाटीक लेबल वाचत नसेल पण गिऱ्हाईक वाचतं की. पुण्यात "बोल्हाईचे मटण मिळेल" अशी पाटी शेकडो हॉटेलांवर आहे. वाडे बोल्हाईच्या देवीला मानणारी घरं शेळी बोकड खात नाहीत, फक्त मेंढीचं खातात. ना सरकार, ना रजिस्ट्री, ना स्टिकर, आणि तरी माणूस पाटी बघूनच आत शिरतो. आता आतमध्ये खरंच मेंढी असते का हा प्रश्न विचारायचा नाही, जेवण जात नाही मग.

म्हणजे मागणी आहे. युरोपवाल्यांनी फक्त पाटीच्या मागं तपासणी लावली, एवढंच.

---

माणदेशी_पोरगा

@पेठेतला_पाहुणा हाहा, बोल्हाईचं डोक्यातच आलं नव्हतं. पण त्यात मेंढी कुठलीही चालते ना, राजस्थानची आली तरी. आमच्या मेंढराला त्यातून वेगळं काय मिळणार.

@झारागोझाकर दादा, खूप म्हणजे खूप आभार. गाडी ठरल्या दिवशी येते हे वाक्य वडिलांना वाचून दाखवलं, पहिल्यांदा मान हलवली त्यांनी. आमच्याकडं व्यापारी वाड्यावर येतो, नजरेनं बघतो, उक्त्यात भाव ठरतो, काटाबिटा काही नाही. पाऊस लांबला, चारा संपला, की तोच व्यापारी पाचशे कमी बोलतो कारण त्याला माहीत असतं की आपण थांबू शकत नाही. तुमची निळ्या फवाऱ्याची जी कोकरं आहेत त्यांचं पुढं काय होतं ते मात्र सांगा.

---

वेल्सवासी

मी पश्चिम वेल्समध्ये एका जनावरांच्या दवाखान्यात ऑफिस सांभाळते. डॉक्टर नाही, पण काउंटरवर रोज शेतकरी असतात आणि शेतकरी कुठलाही असो, काउंटरवर आला की आधी भावावर बोलतो.

वेल्श लॅम्बला पीजीआय २००३ मध्ये मिळालं. माणसं ३१ लाखांच्या आसपास आणि मेंढ्या ९० लाखांच्या घरात असा हा देश आहे, त्यामुळे हे लेबल आरागॉनसारखं ठरावीक जातीचं वा वजनाचं नाहीये, अख्ख्या वेल्सचं आहे. वेल्समध्ये जन्मलं पाहिजे, वेल्समध्येच वाढलं पाहिजे, सगळा माग लागला पाहिजे आणि मान्यता असलेल्या कत्तलखान्यातच गेलं पाहिजे. प्रचाराचं आणि नियमांचं काम हबी किग कमरी ही संस्था बघते, आणि कत्तलीला जाणाऱ्या प्रत्येक जनावरामागं लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, कापून त्यातून हा खर्च निघतो.

आता गंमत बघा. इथल्या मेंढपाळाला तुम्ही लेबलात आहात का असं विचारलं तर निम्मे जण आधी गोंधळतात. कारण त्यांनी स्वतःहून जाऊन सही असं काही केलेलंच नसतं. कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ला कायद्यानं मारावाच लागतो, जनावर हलवलं की कागद कायद्यानं करावाच लागतो, फार्म ॲश्युरन्सची, म्हणजे शेतावर सगळं नियमानं चालतं ना याची, तपासणी सुपरमार्केटला माल द्यायचा तर लागतेच. लेबल त्याच्यावर शेवटी कत्तलखान्यात बसतं. शेतकऱ्याला जे दिसतं ते कत्तलखान्याचं भावपत्रक, ज्यात धडाचा आकार आणि चरबी यांची वर्गवारी असते, चांगल्यातलं म्हणजे आर३एल (आर आकाराचा, ३एल चरबीचा). भाव त्या चौकटीवर ठरतो. "वेल्श आहे म्हणून इतके जास्त" अशी ओळ त्या कागदावर कुठंच नसते.

मग वृत्ती काय होते, तर थंड. विरोध नाही, प्रेमही नाही. एक गृहस्थ औषधं न्यायला येतात, ते म्हणाले लेव्ही माझ्या पावतीवर दिसते, फायदा दिसत नाही. फायदा नाही असं ते म्हणत नव्हते, दिसत नाही म्हणत होते, आणि दोन्हीत फरक आहे. कारण इथला बराच माल युरोपात जातो, त्यातही फ्रान्सला, आणि तिथल्या खरेदीदाराला पीजीआय म्हणजे काय ते बरोबर कळतं. ब्रेक्झिटच्या वेळी सगळ्यांची तंतरली होती, तेव्हा हे नाव युरोपात सुरक्षित राहणार की नाही यावर त्याच लोकांनी काउंटरवर तावातावानं चर्चा केली ज्यांना एरवी लेबल आठवत पण नव्हतं. राहिलं सुरक्षित, दोन्हीकडं. पुढं ३१ मे २०२३ ला न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाबरोबरचे व्यापार करार लागू झाले, आणि तिकडचं गोठवलेलं लॅम्ब शेल्फवर शेजारी असताना आपलं वेगळं कसं दाखवायचं म्हणून आता तरुण शेतकरी तरी लेबलाकडं जरा आस्थेनं बघायला लागलेत.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे गावर. स्वान्सीच्या पलीकडं ते द्वीपकल्प आहे, तिथल्या उत्तरेच्या किनाऱ्यावर खारी कुरणं आहेत, भरतीचं पाणी आत येतं. गावर सॉल्ट मार्श लॅम्बला २०२१ मध्ये नाव मिळालं, ब्रिटननं स्वतःची नवीन योजना काढली तिच्यातलं ते पहिलं नवीन उत्पादन. आणि हे पीडीओ आहे, म्हणजे जन्मण्यापासून कापण्यापर्यंत सगळं तिथंच. कोकरं तिथं सॅम्फायर, सी लॅव्हेंडर असल्या खारट झुडपांवर चरतात. विक्री जून ते डिसेंबर एवढीच, एरवी नाहीच म्हणून सांगतात. करणारी घरं हातावर मोजण्याइतकी, बरेचसे थेट गिऱ्हाइकाला आणि हॉटेलांना विकतात. त्यांच्याशी बोलाल तर लेबलाचा अभिमान अक्षरशः डोळ्यांत दिसतो, कारण दर त्यांनी स्वतः ठरवलेला असतो. पण त्याच माणसाला भरतीचं वेळापत्रक खिशात घेऊन फिरावं लागतं. मोठ्या उधाणाच्या आधी मेंढरं वर काढली नाहीत तर गेली. तिथल्या जुन्या मेंढ्या म्हणे पाण्याची चाहूल लागली की आपणहून वर निघतात, आणि विकत आणलेल्या बावळटासारख्या तिथंच उभ्या राहतात.

तर माणदेशी, एकाच देशात दोन लेबलं आणि दोन टोकाच्या वृत्ती. जिथं मेंढपाळाला आपला भाव आणि लेबल यांच्यामधली दोरी दिसते तिथं तो खूश.

---

नाव_नको

सगळं ठीक आहे पण हे सबसिडीवर जगणारे लोक आहेत. युरोपातल्या मेंढीवाल्याच्या कमाईतला मोठा हिस्सा सरकारी अनुदानाचा, तो लेबल घेईल नाहीतर फ्रेम करून भिंतीला लावेल, त्याची चूल अडत नाही. आपल्या धनगराला चराईला रान मिळत नाही, वनखात्याचा दंड वेगळा, आणि चाललेत लेबलच्या गप्पा मारायला.

---

डॉ_भटके

नाव_नको यांचं अनुदानाचं म्हणणं खरं आहे, पण त्यावरून लेबल म्हणजे हौस असं ठरत नाही. सार्डिनियाचं उदाहरण देतो. मी पशुवैद्यक, मूळचा फलटणकडचा, शिकताना काही काळ तिकडं सासारीच्या विद्यापीठात होतो.

सार्डिनिया म्हणजे इटलीचं बेट, मेंढ्या तीस लाखांच्या आसपास, आणि सगळ्या दुधाच्या. त्या दुधाचं पेकोरिनो रोमानो चीज होतं, ज्याला १९९६ पासून युरोपचं सगळ्यात कडक लेबल आहे, पीडीओ. आणि तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या मेंढपाळांनी रस्त्यांवर दूध ओतलं. कॅनच्या कॅन. दुधाला लिटरमागं ६० सेंटच्या आसपास मिळत होते आणि त्यांची मागणी होती एक युरोची. कारण काय, तर चीज गरजेपेक्षा जास्त बनलं, गोदामं भरली, भाव पडला आणि पडलेला भाव सगळ्यात खालच्या माणसाच्या गळ्यात आला. लेबल चीजच्या गोल ढेपेवर होतं, दुधाच्या कॅनवर नव्हतं. एवढं एक जरी तुझ्या मीटिंगमधल्या साहेबांना सांगितलंस तरी पुरे.

आता त्याच बेटावरचं कोकरू. आन्येल्लो दी सार्देन्या, पीजीआय २००१. मेंढपाळाला पाहिजे दूध, म्हणजे कोकरू लवकरात लवकर आईपासून सुटलेलं बरं. त्यामुळे महिनाभराचं कोकरू नाताळ आणि ईस्टरला विकून टाकणं ही तिथली रीतच. लेबलात तीन गट आहेत, दुधावरचं सात किलोपर्यंतच्या धडाचं, मग हलकं, मग मोठं तेरा किलोपर्यंत. कागदावर तिन्ही सारखे, पण मेंढपाळाला मोठं करायला सांगून बघा, तो हिशोब मांडतो की अजून दीड महिना कोकरानं दूध प्यायलं तर चीजवाल्याला काय घालू. म्हणजे लेबल चांगलं की वाईट हा विचारच नाही, तो दुधाचा आणि मटणाचा एकत्र हिशोब करतो. तुमच्याकडं दूध नाही, पण मेंढरं शेतात बसवायचे पैसे आहेत, खत आहे, थोडीफार लोकर आहे. कळप वर्षातले किती महिने घाटाखाली नाहीतर नदीकाठी असतो त्यावर कोकरू कधी विकायचं ते ठरतं. लेबलाचा नियम या चक्रात बसत नसेल तर तुझे चुलते कडकनाथचं नाव न घेता पण नाहीच म्हणतील.

आणि माग लागण्याबद्दल. फ्रान्समध्ये सिस्तेरोन म्हणून आल्प्सच्या पायथ्याचं गाव आहे, मेंढ्यांच्या मोठ्या कत्तलखान्यासाठी प्रसिद्ध. झालं असं की कुठलंही कोकरू तिथं आणून कापलं की ते सिस्तेरोनचं कोकरू म्हणून विकलं जायला लागलं. डोंगरातले खरे मेंढपाळ वैतागले, त्यातून लेबल आलं, २००७ ला पीजीआय. आता जन्म आणि वाढ त्या भागातली, आईजवळ किमान ६० दिवस, मेरिनो दार्ल, प्रेआल्प अशा ठरलेल्या जाती. तिथला मेंढपाळ लेबलात गेला तो भाव वाढवायला नव्हे, आपलं नाव दुसऱ्यानं वापरू नये म्हणून. अशी चीड असेल तर नियम पाळायला माणसं तयार होतात. आपल्याकडं माडग्याळ म्हणून बाजारात काय काय खपवलं जातं हे तुला मी सांगायला नको, पोपटासारखं नाक दिसलं की झालं माडग्याळ.

---

माणदेशी_पोरगा

डॉक्टर, हे नाकाचं अगदी बरोबर बोललात. जत्रेत नाक बघून लाखाच्या बोली लागतात, पण ती बोली पैदाशीच्या मेंढ्याची, मटणाची नव्हे. कापायला जाणाऱ्या बकऱ्याचं नाक कुणी बघत नाही. मला वाटतं मीटिंगमध्ये या दोन गोष्टींचा गुंता झाला.

आता दोन प्रश्न राहिले. जीआय कायद्यात मटणाला नाव मिळतं का, आणि झारागोझाकर दादांना विचारलेलं, बाहेर पडलेल्या कोकरांचं काय?

---

डॉ_भटके

मटणाला मिळतं. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या मांसाला २०१८ मध्ये मिळालंय (घ्या, पुन्हा कडकनाथ). आपला कायदा १९९९ चा, लागू झाला सप्टेंबर २००३ पासून, नोंदणी चेन्नईला, दहा वर्षांनी नूतनीकरण. पण एक लक्षात ठेव, नाव संस्थेच्या नावावर नोंदलं गेलं म्हणजे मेंढपाळाला वापरता येतं असं नाही, त्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. आपल्याकडं घोडं अडतं ते इथंच. हापूसचं, डाळिंबाचं, बेदाण्याचं नाव झालं, पण नोंद केलेले शेतकरी किती आणि एकूण पिकवणारे किती ते विचारून बघ कुठंही. आणि कडकनाथची पिल्लं देशभर विकली गेली, त्याला जीआय आडवं आलं नाही, कारण नाव झाबुआतल्या मांसाचं होतं, पक्ष्याच्या जातीचं नव्हे. तुमच्याकडं जनावर जिवंत विकलं जातं. खाटकाकडं गेल्यावर ते कुणाचं, कुठलं, याचा माग संपला. जोवर धडावर शिक्का मारणारी एखादी जागा नाही तोवर जीआयचा कागद आला तरी तो लावायचा कशाला हाच प्रश्न.

जाता जाता, झारागोझाकरांनी ती सहकारी पैदाशीच्या नोंदी ठेवते म्हणून सांगितलं, ते फार महत्त्वाचं आहे. त्या नोंदींमधूनच रासा आरागोनेसात जुळी जास्त देणारं एक जनुक सापडलं आणि त्याचा वापर कळपांत झाला. आमच्या फलटणला निंबकर संस्थेनं बंगालच्या गारोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा नावाची मेंढी तयार केली, ती याच प्रकारची गोष्ट. मेंढपाळाला लेबलापेक्षा वेताला एक कोकरू जास्त मिळालं तर तो जास्त खूश असतो. दोन्ही एकाच दारातून मिळालं तर लेबलालाही हो म्हणतो.

---

झारागोझाकर

उशीर झाला, कामात होतो.

निळ्या फवाऱ्याची कोकरं फेकून थोडीच देतात. ती त्याच गाडीनं जातात, तीच संस्था घेते, फक्त तेर्नास्को म्हणून विकत नाही, साधं कोकरू म्हणून विकते, थोडा भाव कमी. एखादी जहाजाच्या व्यापाऱ्याकडं. लेबलाबाहेरचं जनावर घेणारं कुणीतरी असतं म्हणूनच मेंढपाळ लेबलात पाऊल टाकतो. वीस कोकरांतली पंधरा बसली आणि पाच परत घरी घेऊन जा म्हटलं तर पुढच्या खेपेला तो वीसच्या वीस जुन्या व्यापाऱ्याला देणार. तुमच्या कंपनीनं सुरुवातीलाच ठरवा की नियमात न बसलेलं बकरं पण आम्हीच उचलणार. ते जमत नसेल तर लेबलाचा विषय काढूच नका.

---

माणदेशी_पोरगा

काल रात्री वाड्यावर सगळं वाचून दाखवलं. वडिलांचा प्रश्न आला तो असा, की बकरी ईदच्या आधी दोन महिने बाजारात जो भाव असतो तो तुमचं लेबल देणार आहे का? नाही ना? मग ते दोन महिने आम्हाला मोकळं ठेवा, उरलेल्या दहा महिन्यांचं लेबल करा, आमची हरकत नाही. चुलते काही बोलले नाहीत, म्हणजे अगदीच विरोध नाही असं मी धरतोय.

असं अर्धवट लेबल करता येतं का हो? वेल्सवासी ताई, ते गावरवाले जून ते डिसेंबरच विकतात म्हणालात ना.

---

वेल्सवासी

हो, पण तिथं उरलेल्या महिन्यांत दुसरीकडं जास्त भाव मिळतो म्हणून नाही, कुरणात चरलेलं तयार कोकरूच तेव्हा नसतं. तुमच्याकडं माल असतो आणि तुम्हाला तो बाहेर विकायचाय, हे वेगळं झालं.

---

झारागोझाकर

करता येतं, पण दोन कागद वेगळे ठेवा. लेबलाच्या नियमात फक्त जनावर कसं असावं ते लिहायचं, जात, वय, वजन, खाणं. कुणी कधी किती माल द्यायचा हे त्यात लिहायचं नाही, ते कंपनी आणि सभासदाच्या करारात. इथं सहकारीत सभासद झालं की साधारणपणे सगळा माल तिथंच द्यायचा असं बंधन असतं आणि लोक त्यावरूनच सगळ्यात जास्त कुरकुरतात, लेबलाच्या नियमांवरून नाही. तुम्ही करारात सरळ लिहा की ईदच्या आधीचे इतके आठवडे सभासद मोकळा. पण मग उलटी अट पण घाला, की उन्हाळ्यात चारा संपल्यावर जेव्हा व्यापारी पाडून मागतो तेव्हा आधी कंपनीला विचारायचं. वडिलांना ही दुसरी अट मान्य आहे का ते बघ आधी, आणि इथं सांग.